परमुलखातील रोकड

परमुलखातील एखाद्या चौकात भिंतीत बसविलेल्या यंत्राच्या तोंडात प्रवाशाने आपल्या देशातील बँकेचे कार्ड सारावे, चार अंक दाबावेत आणि अर्ध्या मिनिटात त्या परक्या देशाच्या करकरीत नोटा खिशात घालून चालू लागावे, ही गोष्ट आता इतकी नित्याची झाली आहे की तिच्यात नवल ते कसले, असे कोणीही विचारील. आम्हांस मात्र तिच्यात एका फार जुन्या प्रश्नाचे उत्तर दडलेले दिसते. ज्याला आपण कधी पाहिले नाही, ज्याची भाषा आपल्याला येत नाही आणि जो उद्या सकाळी आपल्या गावातून कायमचा निघून जाणार आहे, अशा माणसाच्या हाती रोख रक्कम कोणी आणि कोणत्या भरवशावर ठेवावी? यंत्र हे या प्रश्नाचे उत्तर नव्हे. ते उत्तर शोधण्यात मनुष्याची कित्येक शतके खर्ची पडली, आणि यंत्र हा त्या शोधाचा केवळ शेवटचा टप्पा होय.

नोकरीपायी मुलूख सोडलेल्या आम्हां मंडळींना हा प्रश्न पुस्तकातला वाटण्याचे कारण नाही. नव्या ठिकाणी रुजू झालेला मनुष्य पहिले काही दिवस खात्यावर शिल्लक असूनही निर्धन असू शकतो, हे आम्हांपैकी पुष्कळांनी अनुभवले आहे. जुन्या कचेरीतून शेवटच्या पगाराचा दाखला यावयाचा असतो, नमुना सही पोहोचावयाची असते, आणि तोवर घरभाडे मात्र थांबत नाही. पैसा असणे आणि पैसा हाती येणे या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. त्यांच्यामधील अंतर ज्या पुलावरून ओलांडावे लागते त्याचे नाव ओळख. परदेशात हे अंतर अधिक रुंद असते, इतकेच.

आपल्याकडे हा पूल हुंडीने बांधला. एका गावच्या सराफाकडे रक्कम भरावी, त्याने दुसऱ्या गावच्या पेढीवर कागद लिहून द्यावा, आणि तो दाखवून तेथे पैसे घ्यावेत. कागद दाखविताच पैसे मिळावयाचे ती दर्शनी हुंडी, ठरलेल्या दिवसांनी मिळावयाचे ती मुदती. वाटेत हुंडी हरवली तर तिची दुसरी प्रत मिळे, तिला पेठ म्हणत. तीही गेली तर परपेठ. या सोयीबद्दल सराफ जी कसर घेई तिला हुंडणावळ हे नाव होते. चोरांच्या वाटेवरून रुपयांच्या थैल्या वाहून नेण्यापेक्षा ही कसर देणे व्यापाऱ्यांना, यात्रेकरूंना आणि पुण्याच्या दरबारालाही परवडत असे. इंग्रजी अमदानीत १८८१ साली चलनक्षम दस्तऐवजांचा कायदा झाला, तेव्हाही हुंडीसारख्या देशी लिपीतील कागदांचे स्थानिक रिवाज त्याने अबाधित ठेवले. ही व्यवस्था केवढी रुळलेली होती याचा तो पुरावाच म्हणावयाचा.

तथापि हुंडीतील खरी मख्खी कागदात नसून माणसात होती. शहाजोग हुंडीचे पैसे वाटेल त्या आणणाऱ्याला मिळत नसत. बाजारात ज्याची पत आणि ओळख आहे अशा 'शहा'लाच ते मिळत. अनोळखी प्रवाशाने आधी त्या गावी असा एखादा प्रतिष्ठित गृहस्थ गाठावयाचा आणि त्याच्या हस्ते रक्कम उचलावयाची. चोराने हुंडी पळविली तरी तिचा त्याला उपयोग नसे, कारण त्याच्यासाठी शब्द टाकणारा शहा त्याला भेटत नसे. आज मराठीत 'शहाजोग' म्हटले की साळसूदपणाचा आव आणणारा इसम डोळ्यांपुढे येतो. पण मुळात तो शब्द बाजारातील विश्वासाचा होता. शब्दाची ही घसरण पाहिली म्हणजे वाटते, की ज्या ओळखीवर सारा व्यवहार चालतो, तिचे सोंग आणण्याचा मोहही माणसाला तितकाच अनावर होत असावा.

नरसी मेहत्याची कथा महीपतीच्या 'भक्तविजया'मुळे मराठी घरांतही परिचित आहे. द्वारकेस निघालेल्या यात्रेकरूंनी वाटेतील धोक्यापायी नरसीकडे रोकड दिली, आणि त्याने शामळशा नावाच्या, ज्याची पेढी कोठेच नव्हती अशा शेठवर हुंडी लिहून दिली. पुढे साक्षात भगवंताने शेठ होऊन ती वटविली. भक्तिभाव क्षणभर बाजूस ठेवला तर कथेतील भीती अगदी व्यवहारातली आहे. आपल्या गावी पैसे भरले, कागदही मिळाला, पण परगावी तो ओळखणारा कोणी निघालाच नाही तर? परदेशी यंत्रापुढे 'व्यवहार नामंजूर' ही अक्षरे वाचणाऱ्या प्रवाशाच्या पोटात जो गोळा येतो, तो या यात्रेकरूंना परका वाटला नसता.

युरोपात हाच प्रश्न अठराव्या शतकात ऐरणीवर आला. तेथील सुखवस्तू लोक देशाटनास निघत, तेव्हा त्यांच्यापाशी आपल्या पेढीचे पतपत्र असे. परंतु ते ठराविक शहरांतील ठराविक पेढ्यांवरच चाले. प्रवास ठरल्या मार्गाबाहेर वळला की ते निरुपयोगी होई. रॉबर्ट हेरिस या स्कॉटिश सावकाराने यावर उपाय काढला. त्याच्या लंडनच्या कंपनीने १७७२ मध्ये फिरत्या हुंड्या प्रचारात आणल्या. ठराविक रकमेच्या या हुंड्या युरोपातील सुमारे ९० शहरांत चालत. त्यांच्याबरोबर एक ओळखपत्र असे, आणि त्यावर प्रवाशाच्या सहीचा नमुना. पैसे देणाऱ्याने समोर करून घेतलेली सही त्या नमुन्याशी ताडून पाहावयाची. येथे पहिले मोठे स्थित्यंतर घडले. प्रवाशाची साक्ष देण्यास आता गावचा शहा नको होता. त्याचा स्वतःचा हातच त्याची साक्ष देऊ लागला.

हे तत्त्व पूर्णत्वास गेले ते प्रवासी चेकात. अमेरिकन एक्स्प्रेस कंपनीचे अध्यक्ष जेम्स फार्गो युरोपच्या प्रवासास गेले असता मोठी शहरे सोडताच त्यांचे पतपत्र वटेनासे झाले. एवढ्या मोठ्या कंपनीच्या अध्यक्षाची ही दशा, तर सामान्याचे काय, हा विचार घेऊन ते परतले आणि मार्सेलस बेरी या आपल्या अधिकाऱ्यास त्यांनी तोड काढावयास सांगितले. बेरीची तोड साधी होती. चेक विकत घेताना एक सही, वटविताना दुसरी, आणि दोन्ही एकाच कागदावर. निराळे ओळखपत्र नको की मोठी पेढी नको. खानावळवाल्यालाही दोन सह्या ताडता येतात. १८९१ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीतील लाइप्झिग येथे असा पहिला चेक वटला. हरवला तर रक्कम परत मिळण्याची हमी होती, म्हणजे आपली पेठच. कंपनीचा लाभ असा की विकलेला चेक वटेपर्यंत लोकांचा पैसा तिच्याजवळ बिनव्याजी राही.

या साऱ्या व्यवस्थेची परीक्षा १९१४ च्या ऑगस्टमध्ये झाली. महायुद्ध पेटताच युरोपभर बँकांनी पतपत्रे वटविणे थांबविले, आणि अमेरिकेचे हजारो सुखवस्तू प्रवासी एका रात्रीत कफल्लक झाले. अमेरिकन एक्स्प्रेसच्या कचेऱ्यांनी आपले चेक मात्र वटविले, आणि तिचा लौकिक पुढे दीर्घकाळ टिकला त्यास ही गोष्ट कारणीभूत झाली. पण सर्वांजवळ चेक नव्हते. लंडनमध्ये हर्बर्ट हूव्हर यांनी, जे पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झाले, अडकलेल्या देशबांधवांना उसने पैसे देण्यासाठी समिती उभारली आणि निव्वळ त्यांच्या लेखी वचनावर रकमा दिल्या. अमेरिकन सरकारने 'टेनेसी' नावाची युद्धनौका सोने भरून युरोपास धाडली. ओळखीचा पूल कोसळला म्हणजे शेवटी धातूलाच समुद्र ओलांडावा लागतो, हे त्या नौकेने दाखवून दिले.

दुसऱ्या महायुद्धानंतर कागदाची जागा कार्ड घेऊ लागले. पश्चिम युरोपातील बँकांनी १९६८ च्या सुमारास 'युरोचेक' योजना सुरू केली. चेकाबरोबर हमीचे कार्ड दाखविले की परक्या देशातील बँकही ठराविक मर्यादेपर्यंत बिनधोक पैसे देई. येथवर पैसे देणारा माणूस होता. २७ जून १९६७ रोजी लंडननजीक एन्फील्ड येथे बार्कलेज बँकेने रोकड देणारे यंत्र बसविले, आणि तो माणूस दूर होण्यास आरंभ झाला. यंत्रामागील कल्पक गृहस्थ जॉन शेपर्ड-बॅरन यांचा जन्म १९२५ साली आपल्या शिलाँगचा, हे तेथे नेमणुकीवर असलेल्या वाचकांस गमतीचे वाटेल. चॉकलेट देणाऱ्या यंत्रावरून त्यांना ही कल्पना सुचली. त्यांच्या यंत्रात कार्ड नव्हते. किंचित किरणोत्सर्गी कार्बन लावलेला खास कागद असे, आणि एका वेळी फक्त १० पौंड मिळत. गुप्त क्रमांक सहा अंकी असावा अशी त्यांची इच्छा होती, पण पत्नीने चारच अंक लक्षात राहतात असे सांगितल्यामुळे चार ठरले, अशी हकीकत त्यांनीच पुढे सांगितली. त्याच्या आदल्याच वर्षी जेम्स गुडफेलो या स्कॉटिश अभियंत्याने कार्ड आणि गुप्त क्रमांक यांच्या जोडीचे पेटंट मागितले होते. १९७२ साली लॉइड्स बँकेने चुंबकीय पट्टीचे कार्ड आणि संगणकाशी जोडलेले यंत्र आणले, तेव्हा आजच्या व्यवस्थेचा सांगाडा उभा राहिला.

हे दुसरे मोठे स्थित्यंतर. गावच्या शहाची साक्ष जाऊन सही आली होती. आता सहीही गेली आणि आकडा आला. सहीत माणसाचे काही तरी उरते. हात थरथरला तर ती थरथरते, आणि ताडणारा कारकून समजूतदार असेल तर तो दोन प्रश्न विचारून खात्री करून घेतो. नमुना सह्यांच्या कार्डांशी ज्यांचा रोजचा संबंध आला आहे त्यांना हे सांगणे नकोच. आकड्याचे तसे नाही. तो एक तर बरोबर असतो, नाही तर चूक.

मात्र यंत्र आपल्या गावात चालणे निराळे आणि परदेशात चालणे निराळे. त्यासाठी परस्परांना न ओळखणाऱ्या हजारो बँकांमध्ये मध्यस्थ हवा होता. १९७३ मध्ये व्हिसाच्या पूर्वसूरी संस्थेने कार्डाची मंजुरी संगणकाद्वारे क्षणात देण्याची यंत्रणा उभारली. १९८० नंतरच्या दशकात 'सिरस' आणि 'प्लस' ही यंत्रांची जाळी देशांच्या सीमा ओलांडू लागली. आजही व्यवहार असा चालतो: कार्डावरील आरंभीच्या अंकांवरून ते कोणत्या बँकेचे हे समजते. परक्या बँकेचे यंत्र प्रवाशाचा गुप्त क्रमांक सांकेतिक रूपात जाळ्याकडे पाठविते, जाळे तो मूळ बँकेला पोहोचविते, आणि मूळ बँक 'द्या' किंवा 'देऊ नका' एवढेच उत्तर देते. मूळ बँकेशी संपर्क तुटला असेल तर आधी ठरवून दिलेल्या मर्यादेत जाळेच तिच्या वतीने उत्तर देऊ शकते. नोटा यंत्राच्या धन्याच्या असतात. त्यांचा हिशेब बँका मागाहून आपसांत चुकता करतात. नाणे सरहद्द ओलांडीत नाही, केवळ निरोप ओलांडतो. सराफाची हुंडी आणि हे कार्ड यांत तत्त्वतः फरक नाही.

हुंडणावळही नाहीशी झालेली नाही. ती फक्त वाटली गेली आणि दिसेनाशी झाली. मूळ बँक दर वेळी ठराविक आकार घेते, शिवाय चलनबदलाच्या दरावर टक्केवारी चढविते. यंत्राचा धनी आपला आकार निराळा लावतो. थायलंडमध्ये परकीय कार्डावर २००९ पासून दर वेळी १५० बाथ घेऊ लागले आणि पुढे हा आकार २२० वर गेला, मग रक्कम थोडी काढा की पुष्कळ. काही यंत्रे तर मोठ्या आदबीने विचारतात, की हिशेब तुमच्याच देशाच्या चलनात करू का. आपल्या रुपयाचा आकडा पाहून प्रवाशाला बरे वाटते आणि तो होकार देतो. पण तो दर बहुधा त्याच्या बँकेच्या दराहून महागच पडतो. जुना सराफ कसर तोंडावर सांगत असे आणि घासाघीस करावयास जागा ठेवीत असे. उलट जपानमध्ये कितीतरी काळ बहुसंख्य बँकांची यंत्रे परकीय कार्ड मुळी घेतच नसत. टपाल कचेऱ्यांतील आणि २००७ पासून सेव्हन बँकेची यंत्रेच प्रवाशाचा आधार होती. देश कितीही पुढारलेला असो, अनोळखी माणसाला दार उघडणे ही त्याच्या मर्जीची बाब असते.

आपल्या देशातील माणसापुढे तर अडचण ओळखीच्या आधी परवानगीची होती. १९३९ साली युद्धाबरोबर परकीय चलनावर नियंत्रण आले. स्वातंत्र्याच्या वर्षी त्याचा कायदा झाला आणि १९७३ मध्ये तो अधिक कडक झाला. साठ-सत्तरच्या दशकांत शिक्षणासाठी अमेरिकेस गेलेल्या कित्येकांच्या आठवणींत 'खिशात आठ डॉलर' हे शब्द वारंवार येतात. मुंबईत १९८७ साली देशातील पहिले रोकड-यंत्र बसले, तरी सामान्य माणसाने परदेशातील यंत्रातून पैसे काढणे ही फार पुढची गोष्ट. १९९९ चा नवा कायदा २००० च्या जूनपासून अंमलात आला. २००४ मध्ये वर्षाकाठी २५,००० डॉलर परदेशी पाठविण्याची अथवा खर्च करण्याची मुभा मिळाली, आणि २०१५ मध्ये ती मर्यादा २,५०,००० झाली. आज पर्यटनास निघालेला तरुण कार्ड खिशात टाकतो तेव्हा त्याच्या पाठीशी केवळ त्याची शिल्लक नसते. देशाच्या गंगाजळीची सुस्थितीही असते.

आणि येथेच आमच्या मते या इतिहासाचा गाभा आहे. आकडा माणसाला ओळखतो असे आपण समजतो, पण संकटकाळी तो माणसाला नव्हे, त्याच्या देशाला ओळखतो. गेल्या काही वर्षांतील प्रसंग पाहा. २०१३ च्या मार्चमध्ये सायप्रसच्या बँका बंद झाल्या, तेव्हा तेथील तळांवरील आपल्या लोकांसाठी ब्रिटिश सरकारने विमानातून १० लाख युरो रोख पाठविले. 'टेनेसी' नौकेलाच जणू पंख फुटले होते. २०१५ च्या जूनअखेर ग्रीसने बँका बंद केल्या. ग्रीक माणसास आपल्याच खात्यातून दिवसाला ६० युरो मिळत, आणि परकीय बँकेचे कार्ड असलेल्या पाहुण्यास ही मर्यादा लागू नव्हती. एकाच रांगेत उभ्या असलेल्या दोघांपैकी घरचा माणूस गरीब ठरला आणि परका श्रीमंत. २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये आपल्याकडे ५०० आणि १००० च्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा मात्र पाहुणा आणि यजमान यांची सारखीच गत झाली. यंत्रे दोन दिवस बंद राहिली आणि नंतर दिवसाला २,००० मिळू लागले, तेही यंत्रात असले तर. २०२२ च्या मार्चमध्ये युक्रेनवरील आक्रमणानंतर व्हिसा आणि मास्टरकार्ड यांनी रशियातून अंग काढून घेतले. देशात आधीच उभारलेल्या स्वतंत्र यंत्रणेमुळे रशियन माणसाचे कार्ड घरी चालू राहिले, पण परदेशात असलेल्या रशियन प्रवाशाच्या हाती प्लास्टिकचा तुकडा तेवढा उरला, आणि परदेशी कार्ड घेऊन रशियात असलेल्या माणसाचीही तीच दशा झाली. त्यांपैकी कोणाचीही शिल्लक कमी झाली नव्हती. कोणी गुप्त क्रमांक विसरला नव्हता.

या प्रत्येक प्रसंगी पैसा होता, ओळखही होती. नव्हता तो केवळ विनवणी ऐकणारा माणूस. शहाजोग हुंडीच्या काळी शहा नकार देई तेव्हा दुसऱ्या शहाकडे जाता येई, त्याला सारी हकीकत सांगता येई. यंत्राला हकीकत ऐकू येत नाही. त्याने प्रवाशाला गावच्या मोठ्या माणसाच्या मेहेरबानीतून सोडविले, हे त्याचे उपकार थोर आहेत आणि ते आम्ही कमी लेखीत नाही. ज्याचा बाप कोणत्याही बाजारात शहा नव्हता, असा मनुष्यही आज टोकियोत किंवा नैरोबीत ताठ मानेने आपले पैसे काढतो. पण त्या सुटकेची किंमत अशी, की पूल तुटला म्हणजे त्याच्यासाठी शब्द टाकणारा कोणी उरत नाही.

म्हणून परप्रांतात आणि परदेशात आपल्या लोकांनी जी मंडळे उभारली, त्यांचे मोल केवळ गणेशोत्सवाने आणि नाट्यप्रयोगाने मापू नये असे आम्हांस वाटते. नव्याने आलेल्या माणसाला पहिल्या महिन्याचे भाडे उसने देणारा, त्याच्याकडून कागद लिहून न घेणारा, 'हा आमच्यातला आहे' एवढेच घरमालकाला सांगणारा मनुष्य तेथे भेटत आला आहे. १९१४ मध्ये लंडनला हूव्हर यांच्या समितीने जे केले ते याहून निराळे नव्हते. जाळी वाढत जातील, कार्डेही उद्या नाहीशी होतील आणि काही तरी निराळे येईल. परंतु जोवर देशांना सीमा आहेत आणि माणसाला पोटासाठी घर सोडावे लागते, तोवर परगावी एखादा खरा शहाजोग गृहस्थ असावा लागेल. तो होण्याची पाळी कधी आपल्यावर आली, तर ती टाळू नये.